पाहा: कपाट सात, मधला खण

१० जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक, तिकडे तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते. तू मोठी, तेव्हा खरं तर साष्टांगापासून सुरुवात करायला हवी. पण मायन्यातच अर्धं पान गेलं की मुद्द्याचं राहून जातं, हे तूच मला शिकवलं आहेस. फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून ही कागदाची हौस.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींची बदली टळली हे वाचून हायसं वाटलं. भाची तुझ्या चपला घालून हिंडते म्हणजे आता तिला रागावताना जरा जपून. चार पानं भरून सगळ्यांची खुशाली लिहिलीस आणि सहीच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात विचारलंस, ‘त्यांची तब्येत कशी आहे?’ त्यांची म्हणजे कुणाची गं? शेजाऱ्यांची? बाबा म्हणताना तुझी जीभ अडखळते हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना तर जीभ लागत नाही.

असो. बातमी चांगली आहे. परवा डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. हातातली सुई काढली, नळ्या काढल्या. मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचा पलंग लावला आहे, म्हणजे शाळेची घंटा त्यांना ऐकू येते. खाणं बेताचं आहे, झोप मात्र भरपूर. तेव्हा तू काळजी करू नकोस.

शाळेतलं माझं वाचनालय जोरात आहे. प्रश्नांची पेटी या सत्रात इतकी भरली की झाकण लागेना. बाबा तिथे ग्रंथपाल होते तेव्हाची त्यांची पद्धत मी तशीच चालू ठेवली आहे. पेटीत कुणीही, काहीही, नाव न घालता टाकायचं. शनिवारी प्रत्येक प्रश्न उत्तरासकट दाराजवळच्या फलकावर लागणार, आणि उत्तराच्या शेवटी ‘पाहा’ म्हणून पुस्तकाची जागा. या आठवड्याचा मासला देते.

‘भुतांच्या पुस्तकांना वेगळं कपाट द्यावं. शेजारची पुस्तकं घाबरतात.’ मी लिहिलं, ‘शेजारी गणिताची पुस्तकं आहेत. घाबरलीच तर भुतं घाबरतील. पाहा: कपाट तीन, वरचा खण.’

‘बाईंनी श्श्श करणं कमी करावं. त्याचाच जास्त आवाज होतो.’ मी लिहिलं, ‘मान्य आहे. प्रयत्न करते.’

‘किती पुस्तकं वाचली की माणूस शहाणा होतो?’ मी लिहिलं, ‘माहीत नाही. मी अजून व्हायची आहे.’

घरी आल्यावर बाबांना हे सगळं वाचून दाखवावं लागतं. डोळे मिटून ऐकतात, मला वाटतं झोपले, आणि मध्येच म्हणतात, “श्श्शच्या उत्तरात ‘पाहा’ कुठाय?”

“बाबा, त्याला कुठलं पुस्तक देऊ?”

“दे काहीतरी. आवाजावरचं दे. अगं, आपलं उत्तर चुकीचं असू शकतं. पोराला जागा दाखवून ठेवायची, मग त्याचं तो बघेल.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलं तर येऊन जा. घाई नाही, सवडीने ये. लग्नानंतर तू या घरी आलीस ती नेहमी उभ्या उभ्या. पिशवीसुद्धा कधी खाली ठेवली नाहीस. या वेळी दोन रात्री तरी राहा.

तुझी,
धाकटी


१९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं छोटं पत्र आलं. ‘घरी आणलं हे ऐकून बरं वाटलं. मुलांच्या परीक्षा झाल्या की बघू.’ बरं.

आज गमतीजमती नाहीत. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. खरं तर ती तुलाच सांगणं सगळ्यात अवघड आहे, तरी लिहिते.

गेल्या बुधवारी पेटी उघडली. बसची तक्रार, पंख्याखालची जागा, क्रिकेटचं मासिक, असं नेहमीचं निघालं. तळाशी एक घडी घातलेली चिठ्ठी होती. ‘डॉक्टरांनी माणसाला घरी न्यायला सांगितलं, म्हणजे तो बरा झालेला असतो का? घरी विचारलं की सगळे अभ्यास कर म्हणतात.’

मी फलकासाठी प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून घेते. हा उतरवायला घेतला आणि ‘घरी न्यायला सांगितलं’ इथवर येऊन हात थांबला. पुढचं लिहायला मला दुसरा दिवस उजाडला. शनिवारी बाकीची उत्तरं लागली, ह्याची जागा रिकामी राहिली. आठवीतला एक दिवटा विचारून गेला, “बाई, एक कागद पडला वाटतं?” मी त्याला नेमकं श्श्श केलं.

कपाटं धुंडाळली मी, खरंच. शरीराची पुस्तकं, आजारांची पुस्तकं, विश्वकोश. या प्रश्नाला कपाट नाही.

रविवारी बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला. मग मला म्हणाले, “हा कुणा पोराचाच प्रश्न आहे ना? की तुझा आहे?”

“माझा कशाला असेल?”

“माझ्यासमोर आणून ठेवलास म्हणून विचारलं.” आणि हसले. हसल्यावर पोटात दुखतं त्यांना, म्हणून लगेच थांबले.

मी म्हटलं, “काय लिहू ते सांगा. नियम तुमचा आहे. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर, आणि ते खरं.”

“हा फलकावर लावू नकोस,” ते म्हणाले. “हे पोर शोध.”

ताई, ज्या माणसाने उभ्या नोकरीत कुणाचं अक्षर ओळखायचं नाही हा नियम केला, तो मला पोर शोध म्हणत होता. मी चिडले. म्हटलं, “मग तेव्हा का नाही शोधलंत?”

निघून गेलं तोंडातून. इतकी वर्षं मी तुम्हा दोघांच्या मध्ये पडदा धरून उभी होते, आता माझे हात भरून आले होते.

तू मला हे एकदाच सांगितलं होतंस. लग्नाच्या खरेदीत, चपलांच्या दुकानात, एक पाय नव्या चपलेत आणि एक जुन्या. आई आजारी होती आणि घरात कुणी काही बोलत नव्हतं, तेव्हा तू पेटीत चिठ्ठी टाकली होतीस, की रक्ताच्या कॅन्सरमधून माणूस बरा होतो का. आणि शनिवारी फलकावर उत्तर लागलं होतं, ‘नाही. आजवर तरी क्वचितच. जेवढे दिवस आहेत ते सोबतीने घालवावेत. पाहा: कपाट सात, मधला खण.’ तू म्हणालीस, “आई जाणार हे मला घरात नाही, शाळेच्या भिंतीवर कळलं. त्यांना माझं अक्षर माहीत होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीवर लिहिलं.” मग दुकानदाराला दुसरा नंबर दाखवायला सांगितलास. मी तेव्हा रडले होते, तू नाही.

हे सगळं मी बाबांना बोलून दाखवलं. मग जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझी भर नाही.

“मी चिठ्ठ्या कधी बघितल्याच नाहीत. पेटी शिपाईकाका उघडायचा. तोच निळ्या शाईत उतरवून काढायचा आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकायचा. मीच तसं ठरवलं होतं. अक्षर दिसलं तर मी पोराला ओळखणार, आणि ओळखलं की उत्तर बदलणार. माझ्यापुढे आला तो निळ्या शाईतला प्रश्न. मला वाटलं, कुणाचं तरी पोर आहे, घरचे त्याला फसवताहेत, निदान आपण तरी खरं सांगावं.”

ताई, आठवून बघ. फलकावर प्रश्न निळ्या शाईत गोल गोल अक्षरात असायचे आणि खाली लाल शाईत बाबांचं तिरपं अक्षर. निळं अक्षर बाबांचं नव्हतंच. मी या नोकरीत लागले तेव्हा शिपाईकाका राहिले नव्हते, त्यामुळे मीही समजत होते की उतरवायचं कामसुद्धा बाबाच करायचे.

मी विचारलं, “मग तुम्हाला कळलंच नाही कधी?”

“कळलं. सोमवारी मधल्या सुट्टीत थोरली आली, सरळ कपाट सातपाशी गेली आणि मधल्या खणातलं ते पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. मी काउंटरमागे होतो. तेव्हा कळलं.”

“मग?”

“मी काउंटरची फळी उचलली. समोर मुलांची रांग होती. एकाने पुस्तक पुढे केलं. मी फळी खाली ठेवली आणि त्याच्या पुस्तकावर शिक्का मारला. मग दुसऱ्याच्या. मान वर केली तेव्हा टेबल रिकामं होतं.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. पाणी दिलं. “नंतर घरी जाऊन बोलायचं म्हणून घरी गेलो, तर ती तुझी वेणी घालत होती. मी म्हटलं, उद्या बोलू.”

तो उद्या आलाच नाही, हे तुला मी काय सांगणार.

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. त्यांनी तुला जाणूनबुजून भिंतीवरून सांगितलं नव्हतं, ताई. त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक झाल्यावर मात्र ते फळीच्या आतच राहिले, आणि ती चूक त्यांचीच आहे. ती मी पुसत नाही.

हे तुला कळवू का, असं विचारलं तर म्हणाले, “थोरलीला काहीएक कळवू नकोस. तिला माझ्याकडून एकदा कळवून झालंय.” ही त्यांची आज्ञा मी मोडते आहे. अर्धीच मोडते आहे, हेही खरं.

आता त्या पोराला शोधायचं आहे.

तुझी,
धाकटी


२४ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे आज राहू दे.

रिकाम्या जागी मी एवढंच लिहून लावलं, ‘या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते भिंतीवर लिहिण्यासारखं नाही. ज्याने विचारलं त्याने मला येऊन भेटावं. मी काउंटरच्या बाहेर बसलेली असेन.’ आणि खरंच खुर्ची घेऊन बाहेर बसले. दोन दिवस पोरं माझ्याकडे बघून खुसखुसत होती. बाईंना शिक्षा झाली म्हणे.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. सातवीतली, दोन्ही वेण्या घट्ट, मोजे मात्र वेगवेगळे. घरातली मोज्यांकडे बघणारी माणसं दुसरीकडे बघत असली की असं होतं. इकडेतिकडे बघून म्हणाली, “बाई, ते माझं होतं. बाबांना घरी आणलंय. आई म्हणते आता बरे होणार.”

मी तिला सांगितलं, “तुझ्या बाबांचं मला माहीत नाही. पण ज्यांना माहीत आहे त्यांना आपण दोघी मिळून विचारू.”

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. शिवणकाम करते ती. टेप गळ्यातच राहिलेली, पदराला दोरे. वाचनालयाच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसली. चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

“बाई, तिची परीक्षा आहे हो. ती झाली की सांगणारच आहे.”

“तोवर वेळ आहे का?” मी विचारलं.

तिने पदराचा एक दोरा काढून बोटाला गुंडाळला. मग एकदम फणकारली, “तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमच्यावर वेळ आली असती तर तुम्ही सांगितलं असतं का?”

ताई, मी टेबलावरची पुस्तकं उगाच सारखी करत बसले.

शेवटी तिनेच लेकीला हाक मारली. कपाटांच्या मधल्या बोळात दोघी उभ्या राहिल्या. मी पाठ फिरवली, पण कान कुठे फिरवणार? आई दोनच वाक्यं बोलली. मुलगी रडली नाही. तिने विचारलं, “मग मी इतके दिवस शाळेत कशाला येत होते?”

आई तिला तशीच हाताला धरून घरी घेऊन गेली. दप्तर टेबलाखालीच राहिलं, ते मी संध्याकाळी पोचतं केलं.

घरी आले ती सरळ मागच्या खोलीत गेले. बाबा जागे होते. त्यांना सगळं सांगितलं. मुलीचं वाक्य सांगितलं. म्हटलं, “बाबा, मी आज दुसऱ्याच्या आईला शहाणपण शिकवून आले आणि माझी बहीण तिकडे परीक्षा संपायची वाट बघते आहे. उद्या ती मला हेच विचारेल. काय सांगू तिला? तुम्ही गप्प बसायला सांगितलंत म्हणून?”

ते म्हणाले, “ती दयेपोटी आलेली मला नको होती.”

“का? कशापोटी आली तर चालेल तुम्हाला?”

भांडलो आम्ही चक्क. आजारी माणसाशी असं भांडू नये, पण भांडताना त्यांच्या अंगात जरा जीव आल्यासारखा वाटला. मग म्हणाले, “तिच्या तेव्हाच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. फक्त ते द्यायला मी उठून जायला हवं होतं. आता उठवत नाही.” आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा आता ऐक. पहिल्या पत्रात मी तुला डॉक्टरांचं अर्धंच वाक्य लिहिलं होतं. ते म्हणाले होते, “आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या.” पोटातली गाठ पसरली आहे. ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलेलं नाही. दुखलं की द्यायचं औषध दिलं आहे, त्याने ते बराच वेळ झोपतात, आणि ती झोप भरपूर असं मी तुला आनंदाने कळवलं. खाणं बेताचं म्हणजे चार चमचे. सवडीने ये लिहिलं ते खोटं होतं. उन्हाळ्यापर्यंत बाबा असणार नाहीत.

तू विचारलं होतंस, त्यांची तब्येत कशी आहे. उत्तर हे आहे. उशीर झाला, पण खरं आहे. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, तो माझ्या हातचा नाही. रागासकट ये. त्यांच्याशी भांडायचं असेल तर भांड, त्यांना ते मानवतं असं आज दिसलं. न आलीस तर मी तुला कधी टोचून बोलणार नाही. पण तुला माहीत नव्हतं असं मात्र आता व्हायचं नाही.

मी हे लिहीत असताना बाबा माझ्याकडे बघत होते. उत्तर संपवलं तशी म्हणाले, “‘पाहा’ लिहिलंस का?” मी म्हटलं, “तुम्हीच लिहा.” लाल पेन मागितलं. उशीला टेकवून बसवलं, पाटीवर हे पत्र ठेवून मांडीवर दिलं. एका ओळीला फार वेळ लागला. मध्ये दोनदा पेन खाली ठेवलं, पण मला हात लावू दिला नाही.

अक्षर वेडंवाकडं झालं आहे. तरी ओळखशील.

तुझी वाट बघणारी,
धाकटी

पाहा: मागची खोली, खिडकीखालचा पलंग. थोरले, लवकर ये. — बाबा